पती : मुंबईस

माझ्या वाट्याला आलेल्या चार वाड्यांत नवऱ्याने टाकलेली बाई एकही नाही, असं मी स्वतःच्या हस्ताक्षरात लिहून सरकारला दिलं होतं. खाली सहीही ठोकली होती, झोकात.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. टाकलेल्या बायकांसाठी सरकारला धोरण ठरवायचं होतं. त्यांना स्वतःच्या नावाचं रेशनकार्ड द्यायचं की नाही, हे आधी मोजणी करून ठरणार होतं. मोजणी अर्थातच आम्हा प्राथमिक शिक्षकांच्या गळ्यात. कालपर्यंत गुरं मोजली, आता बायका मोजा! कागदावर रकाना होता : पती कोठे आहे? मी दारात उभी राहून विचारायची. उत्तर यायचं, "मुंबैस." मी लिहायची, मुंबईस. आमच्या रत्नागिरीत कुणाचा नवरा मुंबईस नसतो? गिरणीतला, गोदीतला आणि दुसरा संसार थाटून बसलेला, सगळे त्या एका शब्दात मावले आणि मी पुढच्या घरी गेले.

महिन्याभराने रेशनदुकानाच्या पायरीवर त्याच वाडीतली एक बाई रिकामा डबा घेऊन बसलेली दिसली. दुकानदाराने तिला परत पाठवलं होतं. नवऱ्याने इथल्या कार्डावरची नावं कमी करून मुंबईत नवं कार्ड काढलं होतं, त्यावर दुसरीचं नाव. तालुक्याच्या कचेरीत हिला सांगत होते, कुटुंबप्रमुखाची सही आण. डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीतलं नाचणीचं पीक कसंबसं पुरायचं. पण साखर नाही, रॉकेल नाही, घरात दिवा नाही.

मी म्हटलं, "अगं, मग मला खरं का नाही सांगितलंस?"

"शेजारीन कान लावून हुबी व्हती, तिच्यासमोर काय सांगू?" ती म्हणाली. "आनि बाई, तुमी तरी कागदातनं डोकं वर काडलंत? मुंबैस लिवलंत ना? मंग आता रॉकेल पन मुंबैसनंच मागवा."

मला राग आला, आधी तिचा आणि घरी पोचेपर्यंत स्वतःचा. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणत अख्खं गाव ती मूठ झाकत होतं, आणि मी वर सरकारी शिक्का मारून आले होते.

शहरात अशा बायकांसाठी चार जणींनी चालवलेली एक संस्था होती, त्यांना मी जाऊन भेटले. धोरणाच्या मसुद्यावर मत द्यायला कलेक्टर कचेरीने त्यांना बोलावलं, तेव्हा मीही त्यांच्याबरोबर गेले. समोरचे साहेब घाटावरचे, तरुण, वागायला सभ्य. त्यांनी फाइल उघडली आणि म्हणाले, "मोजणीत तुमच्या भागाचा आकडा शून्य आहे. प्रश्नच नाही, तर धोरण कुणासाठी करायचं?"

"ते शून्य माझं आहे," मी म्हटलं. "खोटं आहे."

मग साहेब हळूच म्हणाले, "बाई, तुम्ही नोकरीत आहात. स्वतःची सही खोटी म्हणताय. उद्या बदलीबिदली झाली तर?"

"एसटी संपते तिथून पुढे दोन तास चालते मी शाळेत जायला. याहून लांब पाठवायचं तर समुद्रात शाळा काढावी लागेल."

संस्थेतली एक बाई फिसकन हसली. साहेबांनाही हसू आलं असावं, पण त्यांनी ते फाइलमध्ये घातलं. मी म्हटलं, पती कोठे आहे, हे विचारूच नका. त्याचं उत्तर इथे पाठ असतं. नवरा किती गणपतीत घरी आला नाही, ते विचारा. नोकरीवर लाथ मारून माणूस गणपतीला येतो; जो येत नाही, तो गेलेलाच.

"सरकारी नमुन्यात गणपती?" साहेब म्हणाले. "आणि मुसलमान मोहल्ल्यात काय विचारणार?"

"ईद."

तासभर घासाघीस झाली. गणपती गेला, ईद गेली. 'पती शेवटचा घरी केव्हा आला' एवढं उरलं. मी आणखी हटून बसले, म्हणून खाली एक ओळ वाढली : हे बाईला एकटीला विचारावे. त्या ओळीचा मला आजही गर्व आहे. असू दे, गर्व तर गर्व.

नवे कागद घेऊन मी पुन्हा त्या वाड्यांत फिरले. तीच घरं, त्याच बायका. शेजारणींना चुलीवरचं बघायला पिटाळून मी विचारत गेले आणि माझं शून्य दारादारात फुटत गेलं. रिकाम्या डब्यावाली म्हणाली, "सात गनपती. आता लिवा."

लिहिलं. परिपत्रक यायला वर्ष गेलं. आलं तेव्हा मी शाळेतून रजा घेऊन तिच्याबरोबर तालुक्याच्या कचेरीत गेले. कारकुनाने परिपत्रक दोनदा वाचलं, उलटून मागेही काही आहे का पाहिलं आणि नाइलाजाने नवं कार्ड पुढे ओढलं. कुटुंबप्रमुख म्हणून तिचं नाव लिहिलं. मग शेऱ्याच्या रकान्यात सवयीने त्याचा हात चालू लागला. मी दारापाशी उभी होते, मला ते दिसलंही नाही.

तिने टेबलावर वाकून त्या शब्दावर बोट ठेवलं. "ह्यो खोडा."

कारकून वैतागला. "तुला वाचता येतं का गं?"

"नाय. येवडा येकच येतो," ती म्हणाली. "यसटीच्या पाटीवरचा. आठ वर्सं त्याच पाटीकडं बगत व्हते मी. खोडा."

त्याने खोडला.