थरगुरुजींचा खड्डा

थरगुरुजींचं घर कुणी विचारलं, की गल्लीतली माणसं सांगत, "परसात खड्डा आहे, ते." घराला रंग होता, दाराला पितळी कडी होती, पण ओळख मात्र खड्ड्याची.

गुरुजींची उभी हयात कृषी महाविद्यालयात मातीचे थर शिकवण्यात गेली. निवृत्त झाले आणि समोर ऐकणारं कुणी उरलं नाही. नेमकं त्याच सुमारास त्यांच्या बायकोने माहेराहून लिंबाचं रोप आणलं.

माहेरचं घर विकलं गेलं होतं. नव्या मालकाने गाडी लावायला जागा हवी म्हणून परसातलं लिंबू आधी तोडलं. ते तिच्या आईने लावलेलं. बुंध्यापाशी आपोआप रुजलेलं एक रोप तेवढं तिने तेलाच्या रिकाम्या डब्यात उचलून आणलं. आईचं म्हणून जिवंत असं आता तेवढंच तिच्याकडे होतं.

"अहो, हे आजच लावून टाकू," ती म्हणाली.

"लावून टाकू?" गुरुजींनी चष्मा काढला. चष्मा काढला की पुढचा बराच वेळ आपला नाही, हे तिला लग्नापासून माहीत होतं. "खाली काय आहे ते न बघता? अगं, झाड वर दिसतं, पण राहतं खाली."

मग त्यांनी खणायला घेतलं. छातीएवढा खोल खड्डा, भिंती ओळंबा लावल्यासारख्या सरळ. एक भिंत त्यांनी सुरीने तासून अशी गुळगुळीत केली, की तिच्यावर हात फिरवावासा वाटे. वर वीतभर काळी, भुसभुशीत माती. तिच्याखाली तपकिरी. मग पिवळी, चिकट, घट्ट. तळाशी मुरूम. खणलेली मातीसुद्धा त्यांनी थराथराने वेगळी रचली, कारण काळीत पिवळी मिसळणाऱ्या विद्यार्थ्यांना त्यांनी कधी पास केलं नव्हतं.

"वरची काळी म्हणजे झाडाचं जेवणघर," ते शेजारच्या शिंप्याला सांगत होते. "तपकिरीत पाणी साठतं. आणि ही पिवळी म्हणजे बंद दार. इथे पाणी तुंबतं, मूळ येऊन थडकतं आणि माघारी फिरतं. यातून मूळ जाणं शक्य नाही."

"मग रोप कधी लावताय?" शिंप्याने विचारलं.

"आधी या पिवळीचा बंदोबस्त."

बंदोबस्ताचा विचार सुरू झाला आणि सुरूच राहिला. मधल्या काळात बघणारे येत होते. भिंत उन्हाने सुकली की थरांचे रंग फिके पडत, मग पाहुणा यायच्या आधी गुरुजी बोटभर माती तासून ती ताजी करत. एकेका पाहुण्यापायी खड्डा एकेक बोट पुढे सरकत होता. कपडे वाळत घालायची दोरी दोनदा हलवावी लागली. डब्यातल्या रोपाची पानं पिवळी पडू लागली, तेव्हा गुरुजींनी त्यावरही छान माहिती सांगितली.

बायकोने ती ऐकून घेतली. दुसऱ्या दिवशी गुरुजी पेन्शनच्या कामाला गेले, तेव्हा खड्ड्याच्या तासलेल्या भिंतीपासून हातभर अंतरावर, जिथे ऊन पडत होतं तिथे, तिने खुरप्याने उकरलं, रोप लावलं आणि रचून ठेवलेली काळी माती घमेल्याघमेल्याने ओढून त्याच्याभोवती घातली. संध्याकाळी गुरुजींनी ते बघून कपाळाला हात लावला.

"जगायचं नाही ते. खाली पिवळी आहे."

"बघू," ती म्हणाली, आणि त्या रात्री तिला झोप लागली नाही. गुरुजी म्हणतात ते खरं निघालं तर आईचं शेवटचं झाडही गेलं, आणि तेही आपल्याच हातून, हा विचार काही केल्या जाईना. गुरुजींना ते कळलं नाही. ते घोरत होते.

वर्ष सरलं. लिंबू कमरेएवढं झालं. गुरुजी म्हणाले, वरवरची वाढ आहे.

मग एका सकाळी, जुना विद्यार्थी येणार म्हणून भिंत तासताना, त्यांची सुरी थांबली. पिवळ्या थरात, अगदी मधोमध, एक पांढरा धागा दिसत होता. त्यांनी चष्मा पुसून पाहिलं. मूळ होतं. कधीकाळच्या कुठल्याशा झाडाचं मूळ कुजून पिवळीत एक बारीक वाट राहिली होती, आणि लिंबू त्या वाटेने गुपचूप खाली उतरलं होतं. जिथे शक्य नाही म्हणून ते इतकी वर्षं शिकवत आले, तिथून.

ते कुठवर गेलंय ते पाहायला अजून दोन बोटं तासायला हवी होती. सुरी हातात होती आणि मोह फार मोठा होता. पण दोन बोटं तासली असती तर मूळ तुटलं असतं. गुरुजींनी सुरी खाली ठेवली. आपण वर्षभर पाहुण्यांसाठी बायकोच्या आईचं झाड कडेकडेने कापत आणलंय, हे त्यांना तिथे, त्या खड्ड्यात उभं असताना उमगलं, आणि त्यांना मनापासून लाज वाटली.

विद्यार्थी आला तेव्हा गुरुजी खड्डा बुजवत होते. त्यालाही फावडं मिळालं. आधी मुरूम, मग पिवळी, मग तपकिरी, सगळं ज्या त्या जागी. शेवटी वीतभर खड्डा उरला.

"अगं, काळी माती कुठे आहे?"

"लिंबाखाली."

"मग हे कशाने भरायचं? एवढी माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात."

"माहीत आहे," ती म्हणाली. "गल्लीत सगळ्यांना माहीत आहे."

ती आत गेली, भाजीच्या सालींचं भांडं घेऊन आली आणि त्या खळग्यात उपडं केलं.

"ही आजची."

गुरुजींनी चष्मा काढला. विद्यार्थी सवयीने सरसावून बसला. पण गुरुजींनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि वाळलेली पानं गोळा करायला झाडू आणायला गेले.