नाक्यावर गिळलेलं वाक्य

हे मी आजवर कोणाजवळच बोललो नाई. बायकोजवळ नाई, अन् दर पौर्णिमेला विहारात शेजारी बसतो त्या मित्राजवळबी नाई. तुमाले सांगून राह्यलो. काऊन? — ते मलेबी धड माहीत नाई.

मी हद्दीपलीकडच्या तेलुगू मुलखात तहसील कचेरीत कारकून. घरात मराठी, कचेरीत तेलुगू, दोन्ही तोंडात सारख्या. याचाच मले मोठा तोरा होता.

त्या रविवारी मी मटण घेऊन घरी चाललो होतो. सासरची माणसं जेवाले येणार होती. नेरडीगोंड्याच्या नाक्यावर पोलिसांनी यवतमाळकडून आलेली बस अडवलेली. सोबत गांजा हुंगणारा कुत्रा. तो पिशव्या हुंगत गेला, अन् एका बाईच्या पिशवीपाशी बसला. वास लागला की बसायचं, असं त्याले शिकवलेलं. बस, झालं! साऱ्या लोकांनी तिथंच बाईले चोर ठरवलं. अरे, जनावर बसलं म्हणजे गुन्हा शाबीत? अन् माणूस तोंडानं 'माझ्यापाशी गांजा नाई' सांगून राह्यलं त्याची काहीच किंमत नाई?

बाई मुधोळले बाळंतीण लेकीकडं चालली होती. तेलुगूचा एक शब्द तिले कळत नव्हता. इन्स्पेक्टर मले ओळखायचा. जवळ बोलावून तेलुगूत म्हणाला — तिले समजावून सांगा, तहसीलदारासमोर झडती मागायचा तिले हक्क आहे. अन् अंगझडती बाई-पोलीसच घेईल, ठाण्यातून बोलवावी लागेल.

एवढंच तं सांगायचं होतं.

पण तहसीलदार म्हणजे माझाच साहेब. अन् रविवारी कचेरी उघडणार कोण? किल्ली माझ्याच खिशात! संध्याकाळ झाली असती — अन् मटण, पाहुणे... हो, एवढ्यासाठीच. दुसरं काहीच नाई.

मी म्हटलं, "बाई, झडती देऊन टाका, लवकर सुटाल."

"दादा, तुमी म्हन्ता तं देते."

मी इन्स्पेक्टरकडं वळलो. "ओप्पुकुंदी, सार." — कबूल आहे म्हणते.

तिले बसच्या मागं नेलं. बाई-पोलीस कोणी बोलावलीच नाई. एका गडी शिपायानं तिच्या अंगावरून हात फिरवले, अन् ती डोळे मिटून, पदर मुठीत धरून उभी राह्यली. पंच म्हणून त्यांनी मलेच उभं केलेलं. पंचानं पाहायचं असते ना? मी हातातल्या मटणाच्या पिशवीकडं पाहत होतो.

सापडलं काय? सुकट, अन् बाळाची दोन दुपटी. कुत्रा काऊन बसला ते त्यालेच ठाऊक.

आजबी डोकं तडकते. बाईची झडती बाईनंच घ्यायची, हे इन्स्पेक्टरच्याच तोंडून मी ऐकलं होतं. मंग त्यानं तिच्या होकाराचं नाव करून गड्याले कसं पुढं केलं? लाज नाई वाटली? — पण हे विचारायले मले तोंड कुठं आहे? तो होकार मीच तं बनवला होता. झडतीच्या कागदावर तेलुगूत लिहिलेलं — 'हक्क समजावून सांगितला'. खाली माझी सही.

निघताना बाई पदर सावरत माझ्यासमोर आली. हात जोडले.

"दादा, आपल्या बोलीचं मानूस भेटलं म्हनून सुटली मी."

"जाऊ द्या बाई," मी म्हटलं, "एवढं तं करावंच लागते."

अन् घरी जाऊन पोटभर जेवलो.