करारात नसलेली अट

गोंदियात भाड्याच्या फ्लॅटचा करार अकरा महिन्यांचा असतो. बाराव्या महिन्याची भीती कोणी घालून ठेवली देव जाणे, पण घरमालक तिला फार जपतात. माझे घरमालक खाली राहायचे, मी वरच्या फ्लॅटमध्ये एकटी. शाळेत शिकवायचं, घरी येऊन स्वयंपाक करायचा आणि करार संपला की कोर्टाजवळच्या टायपिस्टकडच्या नव्या कागदावर सही करायची. तारीख तेवढी बदलायची, मजकूर तोच. तीनदा तसं झालं, मला त्याचं काही वाटलं नाही.

चौथ्या वेळी माय माझ्याकडे होती. गावात तिला लकवा झाला, म्हणून भावाने इलाजासाठी माझ्याकडे आणून सोडलं होतं. डॉक्टर म्हणाले, आता घरीच ठेवा, महिना निघाला तरी खूप. मी तिचा पलंग खिडकीशी लावला. उजवं अंग गेलं होतं, जीभ मात्र शाबूत. समोरच्या दोरीवरचे कपडे बघून कोणाकडे पाहुणे आलेत आणि कोणाची सून माहेरी गेली, हे ती मला सांगायची.

घरमालक कागद घेऊन वर आले. मायच्या खोलीकडे एकदा बघून त्यांनी आवाज खाली केला.

"मॅडम, बुरा मत मानना. दिवाली के बाद लड़के की शादी है. घर में कुछ हो गया और पंचक लग गया, तो?"

बाजूच्या गल्लीत तसं झालं होतं. एक म्हातारे नेमके पंचकात गेले आणि भटजींनी घर सहा महिने बंद ठेवायला सांगितलं. अख्खं कुटुंब सामान घेऊन दुसरीकडे गेलं. घरमालकांनी ते डोळ्यांनी बघितलं होतं. ते दुष्ट नव्हते, घाबरलेले होते.

"काग़ज़ पे तो ऐसी बात लिख नहीं सकते. आप बस ज़बान दे दो, माँजी को गाँव भेज दोगे."

मला भांडता आलं असतं. मुख्याध्यापकांशी मी उठसूट भांडते. पण अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीसकट मला दुसरं घर कोण देणार होतं? एका महिन्याचाच तर प्रश्न, असं मनाशी म्हटलं आणि सही केली. त्या हिशोबी विचाराची मला आजही लाज वाटते.

मायने सगळं ऐकलं होतं. "नेऊन दे बाई मले गावले," ती म्हणाली. "लग्नाचा घर आहे त्याहीचा. मी काऊन आडवी येऊ? लग्न झाला का मंग आनजो."

मी हो म्हटलं.

आमचं गाव सडक अर्जुनीच्या पुढे. भावाने पडवीत तिचा पलंग टाकला. वहिनी वेळेवर भरवायची, धुवायची. तिला नावं ठेवायचा मला हक्क नव्हता. पण धानाची रोवणी सुरू झाली आणि सगळे शेतावर बांधीत जायला लागले, तेव्हा माय दिवसभर एकटी पडायची. महिना गेला, दिवाळी गेली, माय राहिली. मी दर रविवारी बसने जायची. लग्न आटोपलं तेव्हा तिने विचारलं, "कधी नेतेस?" मी म्हटलं, थंडी जाऊ दे. मग म्हटलं, पोरांच्या परीक्षा होऊ दे.

खरं कारण वेगळं होतं. मला झोप लागायला लागली होती. कूस बदलून द्यायला उठायचं नाही, मधल्या सुट्टीत घरी धावायचं नाही. एक रविवार सोडला तर आठवडा माझा होता आणि तो मला आवडत होता.

करार पुन्हा संपला. या वेळी घरमालकांनी मला खाली बोलावलं. नव्या सुनेने चहा दिला. मी सही करत होते तेव्हा तेच म्हणाले, "अब माँजी को ले आओ, मॅडम. जो होगा देखा जाएगा. मुझे भी अच्छा नहीं लगा था."

"तिला गावातच बरं वाटतं," मी म्हणाले. तिला विचारलंही नव्हतं.

त्या रविवारी मायने विचारलं, "कागद झाला का? मालक का म्हनला?"

"नाही म्हणतात."

ती डाव्या हाताने माझा हात चाचपत म्हणाली, "जाऊ दे. त्याच्यासंग भांडू नोको. तुलेच घर सोडा लागन."

पोळ्याच्या आधी ती गेली, त्याच पडवीत. तेरवीला घरमालक बायकोला घेऊन गावापर्यंत आले. भावाने त्यांना दारातच गाठलं. "आता कायले आले?" तो म्हणाला. "जित्ती होती तवा ठेवून घेतली नाही तुम्ही."

घरमालकांनी माझ्याकडे बघितलं. मी पत्रावळी वाढत होते, तशीच वाढत राहिले. ते दोघं न जेवता परत गेले.