आबांची ऐंशी आणि कुमुदताई

मटण शिजत असताना कुमुदताई पातेल्यावरचं झाकण काढून कधी बघत नसत. ओट्याशी उभ्या राहून, मान जराशी तिरकी करून त्या ऐकत. रश्श्याचा आवाज बदलला की म्हणत, "आता बोललं," आणि गॅस बंद करत. लग्न होऊन मी बडोद्याच्या कारेलीबागेतल्या घरात आले, त्या पहिल्याच रविवारी हे पाहिलं आणि मनात म्हटलं, बाई नाटकी दिसते. मग मटण खाल्लं. तेव्हापासून पुढची चोवीस-पंचवीस वर्षं मी माझ्या ह्या मोठ्या जावेवर जळत राहिले.

दिसायला त्या चारचौघींसारख्या. शिक्षण दहावीपर्यंत, माहेर बडोद्यातलंच, त्यामुळे मराठी बोलता बोलता गुजराती शब्द सहज येत. 'निरांत', म्हणजे निवांतपणा, हा त्यांचा लाडका. सकाळी ऑफिसला निघण्यापूर्वी मी घाईघाईनं कांदा चिरायला घेतला की माझ्या पुढ्यातली विळी ओढून घेत. "राहू दे ने, स्मिता. कांदा निरांतीनं चिरायचा असतो. तू जा, तुझी बस चुकेल." ह्यात टोमणा नसे. असता तर बरं झालं असतं, मला निदान भांडता आलं असतं.

मी नाशिकची, बी. कॉम. झालेली, सयाजीगंजमधल्या एका विमा कंपनीच्या ऑफिसात नोकरीला. दीर मकरपुऱ्याच्या कारखान्यात फोरमन, नवरा एका बिल्डरकडे. सासऱ्यांना आम्ही आबा म्हणत असू. आपले पणजोबा संस्थानच्या घोडदळात होते ह्याचा आबांना भारी अभिमान. सैनिकाच्या घरात दुसरं काही कमी पडलं तर चालेल, मटण जमलंच पाहिजे, असं ते म्हणत. मोठ्या सुनेला ते 'कुमुद' अशी हाक मारत, मला 'सूनबाई'. ऐकणाऱ्याला वाटावं, माझाच मान मोठा. पण पाहुण्याला मान देतात आणि घरच्या माणसाला नावानं हाक मारतात, हे मला पहिल्याच वर्षी कळलं होतं.

कुमुदताईंना मूल नव्हतं. त्याविषयी घरात कोणी बोलत नसे. माझा रोहन झाला आणि मला वाटलं, आता तरी घरात माझ्या नावावर काहीतरी होईल. रोहन सहा वर्षांचा असताना त्याला टायफॉइड झाला. मी पंधरा दिवसांची रजा काढली, उशाशी बसून राहिले, कपाळावर पट्ट्या ठेवल्या. आठव्या दिवशी त्यानं पहिल्यांदा भूक लागल्याचं सांगितलं. मी मऊ खिचडी करून नेली. एक घास खाऊन त्यानं तोंड फिरवलं आणि म्हणाला, "काकूच्या हातची दे." कुमुदताई दारातच उभ्या होत्या. त्या पटकन म्हणाल्या, "अरे, मीच केलीय ती." त्यानं सगळी संपवली. त्यांच्या जागी दुसरी कुणी असती तर मी तिच्या गळ्यात पडले असते. मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि रडले. माझी खिचडी त्यांच्या नावानं पोरानं खाल्ली, हे मला कित्येक वर्षं गिळता आलं नाही.

वर्षातला सगळ्यात कठीण दिवस म्हणजे आबांचा वाढदिवस. घरी पंचवीस-तीस माणसं जेवायला असत. पहाटेपासून वाटण चाले, आणि दुपारी तृप्त झालेलं एकेक माणूस स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन कुमुदताईंच्या हाताचं कौतुक करून जाई. मी तिथेच उभी राहून ताटं आवरत असे. कोशिंबीर मी केली होती, हे कुणाच्या ध्यानातही नसे.

म्हणून आबांना ऐंशी वर्षं पूर्ण होणार तेव्हा मी दोन महिने आधीच जाहीर केलं की ह्या वेळी घरी काही करायचं नाही. शहराबाहेर एक मोठं हॉटेल नव्यानं निघालं होतं. त्यात निखाऱ्यावर भाजलेल्या मांसाचं खास रेस्टॉरंट होतं. आमच्या साहेबांनी तिथली फार तारीफ केली होती. बकऱ्याचे, कोंबडीचे, माशाचे स्टेक, पांढरे टेबलक्लॉथ, मंद दिवे. आबांची ऐंशी मी साजरी करणार, असं मी नवऱ्याला सांगितलं. त्यानं विचारलं, वहिनींना वाईट वाटेल का? मी म्हटलं, त्यांना विश्रांती मिळेल. खरं तर त्यांना वाईट वाटावं म्हणूनच मी हे करत होते. आणखीही एक गोष्ट कबूल करते. काट्या-सुरीनं खाण्याचा सराव मी घरी, दार लावून, उकडलेल्या बटाट्यावर केला होता. कुमुदताईंची फजिती होईल आणि ती मला बघायला मिळेल, अशी माझी खात्री होती.

आम्ही सहाजण गेलो. आबांनी कोट घातला होता. कुमुदताईंनी मोरपंखी साडी नेसली होती आणि त्या सगळीकडे लहान मुलासारख्या बघत होत्या. मी सर्वांसाठी बकऱ्याचा स्टेक मागवला. ताटल्या आल्या तेव्हा कुमुदताईंनी काटा-सुरी उचलून बघितली, खाली ठेवली आणि वेटरला शांतपणे गुजरातीत सांगितलं, "भाई, हुं तो हाथेथी खाईश." हातानं खाईन म्हणाल्या, आणि लागल्या खायला. फजिती वगैरे काही झाली नाही. उलट पहिल्या घासालाच त्यांनी मान तिरकी केली आणि हे कोण भाजतं, म्हणून विचारलं. वेटरनं जाऊन मुख्य खानसाम्यालाच बोलावून आणलं. पन्नाशीचा तो माणूस टेबलाशी वाकून पाच मिनिटं त्यांच्याशी बोलत होता. भाजल्यावर मांस लगेच कापायचं नाही, थोडा वेळ तसंच ठेवायचं, म्हणजे रस आतच राहतो, असं तो सांगत होता आणि कुमुदताई मान हलवत होत्या. जेवण मी ठरवलेलं, टेबल मी राखून ठेवलेलं, आणि खानसामा माझ्याकडे पाठ करून उभा.

एवढ्यात माझं लक्ष आबांकडे गेलं. त्यांची ताटली जवळजवळ भरलेलीच होती. कवळीनं त्यांना ते मांस चावता येत नव्हतं. इकडेतिकडे बघून त्यांनी तोंडातला घास हळूच नॅपकिनमध्ये काढला आणि नॅपकिन मांडीवर दडवला. ऐंशी वर्षांच्या माणसाला त्याच्याच वाढदिवसाला मी घास लपवायला लावला होता. मला तिथून उठून जावंसं वाटलं. कुमुदताईंनीही ते पाहिलं असावं, कारण त्यांनी त्या खानसाम्याला जाता जाता हलक्या आवाजात काहीतरी सांगितलं आणि थोड्या वेळानं आबांसमोर लोण्यात भाजलेला मऊ मासा आला. आबा जेवले. पोट भरल्यावर माणूस मोकळं बोलतो, तसं हात पुसत ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हे ठीक आहे. पण कुमुदच्या मटणाची सर नाही."

मी ताटलीत बघत राहिले. हे वाक्य येणार, हे मला दोन महिन्यांपासून ठाऊक असल्यासारखं वाटलं. आणि मग कुमुदताई बोलल्या. आबांसमोर त्यांनी कधी आवाज चढवला नव्हता, आताही चढवला नाही.

"आबा, अठ्ठावीस वर्षं मी तुमच्या वाढदिवसाचं जेवण करते. दर वर्षी सगळे उठल्यावर जेवते, चार वाजता, गार झालेलं. आज पहिल्यांदा तुमच्याबरोबर बसले आणि गरम जेवले. स्मितामुळे."

दीर पाण्याचा ग्लास हातात धरून बसले. आबांनी कुमुदताईंकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाले, "स्मिता, पुढच्या वर्षीही इथेच येऊ." बावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला नावानं हाक मारली.

खरं सांगते, तेव्हाही मला सुख झालं नाही. दर वर्षी ताटं मीच तर आवरत होते. त्या कधी जेवतात, काय जेवतात, हे मी एकदाही पाहिलं नव्हतं, ह्याची लाज वाटायला पुढे दोन दिवस लागले. त्या क्षणी मात्र एवढंच वाटलं की मला माझं नावसुद्धा कुमुदताईंच्याच हातून मिळालं.

पुढच्या वर्षी आबा नव्हते. त्यानंतर दीड वर्षानं कुमुदताईंना पोटाचा आजार निघाला आणि तो निघाला तेव्हाच फार पुढे गेलेला होता. हॉस्पिटलमध्ये दुपारची पाळी माझी असे. त्यांना अन्न जात नव्हतं. मी नुसती बसून असे आणि त्या खिडकीतून रिक्षा बघत. एके दुपारी खिडकीवरची नजर न काढताच त्या म्हणाल्या, "स्मिता, तू माझ्यावर जळायचीस ने?"

मी त्यांच्या पायांवरची चादर सारखी करू लागले.

"मला पहिल्यापासून माहीत होतं," त्या म्हणाल्या. "बरं वाटायचं गं. शिकलेली, नोकरी करणारी, मुलाची आई. अशी बाई माझ्यावर जळते. नाहीतर माझ्याकडे कुणी जळावं असं होतं काय?"

मी त्यांचा हात हातात घेतला. इतकी वर्षं ज्या हाताचं कौतुक ऐकून माझे कान किटले होते, तो आता उन्हात ठेवलेल्या कागदासारखा हलका लागत होता. मी म्हटलं, "ताई, अजून जळते मी."

त्या हसल्या. हसताना पोटात कळ आली असावी, कारण त्यांनी डोळे मिटले. पण माझा हात सोडला नाही.