अक्कांचा कोळी

भिंगावरून डोळा न हलवता अक्का डाव्या हाताचं बोट वर करायच्या. "स्वल्प थांब." निपाणीकडचं घरचं मराठी, त्यात बंगळूरचं कन्नड. त्यांनी तीस वर्षं रक्त-लघवी तपासण्याच्या लॅबमध्ये काढली होती. खात्री होईपर्यंत तोंड उघडायचं नाही, ही तिथली सवय.

मारतहळ्ळीच्या आमच्या इमारतीत त्या माझ्या खालच्या मजल्यावर राहत. एकट्याच. मुलगा जर्मनीला जाताना पाळलेला टॅरँटुला, म्हणजे तळहाताएवढा केसाळ कोळी, काचेच्या पेटीत त्यांच्याकडे ठेवून गेला. दोन महिन्यांसाठी. त्याला तीन वर्षं होत आली होती.

अक्कांच्या घरी कोळी आहे, असं मी एकदा मोडक्या कन्नडात वॉचमनला सांगितलं. त्यानं विचारलं, "अंडी देते?"

अक्का हसल्या. "कन्नडात कोळी म्हणजे कोंबडी रे. पण प्रश्न बरोबर विचारलाय त्यानं. नर की मादी, तेच कळायला पाहिजे."

"कशाला?"

"नर पाच-सहा वर्षांत जातो. मादी वीस वर्षं काढते. मी सत्तरीची. नर निघाला तर बरं की. माझ्यामागं ह्याला किडे कोण घालणार? पोरगा तर म्हणतो, देऊन टाक कुणाला तरी."

कोळी नर की मादी, हे त्यानं टाकलेल्या कातीवरून कळतं. दोनदा कात फाटकी निघाली. तिसऱ्या खेपेला अख्खी मिळाली. अक्कांनी ती साबणाच्या कोमट पाण्यात भिजवली आणि बारीक ब्रशनं पोटाकडचा भाग उलगडून काचेवर पसरला. वरच्या दोन पांढऱ्या ठिपक्यांच्या मधे बारीकशी पिशवी दिसली तर मादी.

बोट वर गेलं. बराच वेळ वरच राहिलं.

"बघ," म्हणत त्या बाजूला झाल्या. पिशवी मलाही दिसली.

"चुकू शकतं ना, अक्का?"

"स्लाइड चुकत नाही. बघणारा चुकतो." त्यांनी पुन्हा भिंगाला डोळा लावला. "मादीच. सरी, ठीक आहे." मग पेटीकडे वळून हलक्या आवाजात म्हणाल्या, "बाई, तुझं काय करू मी आता?"

त्यानंतर दर रविवारी किडे घालायला त्या मला खाली बोलावू लागल्या. चिमटा माझ्या हातात द्यायच्या. "हात हलवू नको. तिला कळतं." कशासाठी शिकवतायत, हे दोघांनाही माहीत होतं.

गेल्या उन्हाळ्यात अक्का वारल्या. मुलगा आला, चार दिवस राहिला आणि जाताना पेटी माझ्या दारात घेऊन आला. "आईनं सांगून ठेवलं होतं," एवढंच म्हणाला.

पेटीच्या मागच्या काचेवर लॅबमधलं जुनं लेबल चिकटवलेलं होतं. अक्षर अक्कांचं. नमुना: कोळी. लिंग: स्त्री. खाली 'नातेवाईक' असा रकाना होता. त्यात माझं नाव.

तारीख कात तपासली त्याच दिवसाची होती.