काचेवरची टिचकी

मृणाल, ये अशी जवळ, समोर बसली आहेस असं समजूनच बोलते. काल फोनवर बोलता बोलता तुझा चेहरा पडद्यावर थिजला, आणि तू परत फोनही केला नाहीस. लेकीनं असं करावं का गं?

मी काय केलं सांगू? काचेवर हलकेच टिचकी मारली. तुझ्या बाबांची सवय. ते चालवायचे त्या जुन्या विमानात काट्यांच्या गोल तबकड्या होत्या. उंचीचा काटा कधी अडकायचा, टिचकी मारली की हलायचा. मग तबकड्यांच्या जागी पडदे असलेली विमानं आली. बाबा सगळं नव्यानं शिकले, पण बोट काही ऐकेना. शेजारच्या खुर्चीतला तरुण वैमानिक म्हणाला, "सर, इथं काटाच नाही, अडकणार काय?" घरी येऊन बाबांनी हसत हसत सांगितलं, आणि पानातला भात तसाच टाकून उठले.

तू विमान चालवायला पडद्यांवरच शिकलीस, तुला अडकलेला काटा कुठून ठाऊक असणार? बाबा गेल्यापासून मीच कुठंतरी अडकून बसलेय बघ, आणि टिचकी मारायला घरात कुणी नाही.

सुट्टी मिळाली की ये गं. पडद्यावर नको. तुझ्या गालावर टिचकी मारून बघू दे, हसतेस का.