काळा पडलेला हत्ती

जुन्या पितळी वस्तू जमवणारा तो माणूस आमच्या गावात एकदाच आला. आरमोरीकडचा मुसलमान व्यापारी, एवढंच कळलं. नाव मी विचारलं नाई.

ओसरीवर चढताना त्यानं चप्पल काढली, रुमालानं हात पुसले. मंगच माह्या बायकोनं माहेरून आणलेला ओतीव पितळेचा हत्ती उचलला. त्याच्या पाठीवर दिवा लागते. आधी उलटा करून पोट पाहिलं, मंग डोळे मिटून अंगठा फिरवत राह्यला.

"क्या बात है, भाऊ! काय काळा रंग चढला! याले कधी घासू नका. या रंगाचीच किंमत आहे."

मले राग आला. म्हटलं, "रंग कायचा? बायको दर सणाले चिंचेनं घासून पिवळाधमक करे. ते मेली, तवापासून कोणी हात लावला नाई, म्हणून काळा पडला. घेऊन जा. मले पाहवत नाई."

त्यानं हत्ती खाली ठेवला. मंग म्हणाला, "चिंच आहे का घरात?"

"काऊन?"

"द्या तर खरी."

अंगणात उकिडवा बसून, बाह्या सारून त्यानं हत्ती घासला. कानामागची फट काडीनं कोरली. "माह्या धंद्यातल्यानं पाहिलं, तर पागल म्हणन मले," असं स्वतःशीच बोलला.

ते गेल्यावर दुखवट्याले बसाले लई लोक आले होते. तिचं काम हाती घेणारा हा एकलाच.

पिवळा झालेला हत्ती त्यानं माह्या मांडीवर ठेवला.

"आता देता का?"

"नाई."

"मंग झालं," म्हणाला, अन् ओल्या हातानंच गाडीवर बसला.